दांड्यावरचा हात

“बाजूला व्हा सगळी,” दस्तगीरचाचांनी आवाज दिला आणि आम्ही प्रेससमोरून भिंतीकडे सरकलो.

त्यांनी दांडा झटक्यात ओढला. खालची प्लेट धाडकन खाली बसली आणि साच्यातली रबराची शीट उसळी मारून बाहेर आली. आत घातली तेव्हा ती जेवायच्या पाटाएवढी होती. बाहेर आली ती तान्ह्या पोराच्या दुपट्याएवढी, फुगलेली, वाफाळणारी. चाचांनी ती हातमोज्यांत झेलली आणि आधीच्या शीटांशेजारी टेबलावर टाकली.

“ह्याला म्हणायचं माल,” अण्णासाहेब म्हणाले. “सुमती, गार झाल्या की लाव तुझा काटा.”

अण्णासाहेब आवटी आमचे मालक. मिरजेबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा रबराचा कारखाना होता. पंपांची वायसरं, मोटारींची बुशं, असला घट्ट माल तिथं वर्षानुवर्षं निघत होता. मी तिथली एकुलती एक केमिस्ट आणि वयानं सगळ्यांत लहान, त्यामुळे माझं शिक्षण चहाच्या सुट्टीत थट्टेला बरं पडायचं. प्रेसवर राज्य चाचांचं. आपले केस ह्याच प्रेसच्या वाफेनं पांढरे झाले, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, आणि ते खोटं म्हणायची कुणाची छाती नव्हती.

फुगवलेलं रबर, म्हणजे स्पंज, आम्ही पहिल्यांदाच मोठ्या प्रेसवर काढत होतो. मागणी गावाबाहेरच्या कुष्ठरोग्यांच्या इस्पितळाची होती. ज्यांच्या तळपायांची जाणीव गेलेली असते, त्यांच्या बुटांत घालायला मऊ शीटा हव्या होत्या. फार मऊ झाल्या तर अंगाच्या भारानं चपट्या होतात, कडक झाल्या तर पायाला जखम होते. आधी शीटा पुरवणारा कारखाना बंद पडला, म्हणून इस्पितळवाले आमच्याकडे आले. मी छोट्या प्रेसवर नमुने करून दिले आणि ते त्यांना पसंत पडले.

त्या बुटांतला एक जोड माझ्या वडिलांचा होता. हे मात्र कारखान्यात कुणालाच ठाऊक नव्हतं.

आप्पांचा रोग गोळ्यांनी कधीच बरा झाला होता, पण पाय बधिर राहिले ते राहिले. मी शाळेत होते तेव्हा एकदा ते बाजारातून चालत घरी आले आणि शेणानं सारवलेल्या जमिनीवर रक्ताचे ठसे उमटले. बुटात चिंचोका शिरला होता. सबंध वाट ते त्याच्यावर चालत आले होते आणि वर मलाच विचारत होते, हे रक्त कुणाचं गं? आता टाचेची जखम भरून पुन्हा चिघळण्याचा खेळ चालला होता. पायाला प्लास्टर होतं, ते सोमवारी निघणार होतं. ह्यावेळी पुन्हा चिघळली तर पाय गुडघ्याखाली काढावा लागेल, असं डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं होतं.

“कारखान्यात बोलायचं नाही,” आप्पांनी मला बजावलं होतं. “बाप गावाकडं असतो म्हणायचं.” घरीसुद्धा त्यांची पायताणं दाराबाहेर वेगळ्या दगडावर असायची. मी लहानपणी एकदा हौसेनं त्यात पाय घातला तेव्हा त्यांनी मला आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटची चापट मारली होती.

शीटा गार झाल्या. मी काटा लावला. कडकपणा मोजायचं हे यंत्र मनगटी घड्याळाएवढं असतं. त्याची सुई शीटवर दाबायची आणि आकडा वाचायचा. आकडा अगदी हवा तसा आला. अण्णासाहेबांनी माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं आणि खूश होऊन गेटकडे हाक मारली, “गाडी आत घ्या रे.”

इस्पितळाच्या गाडीबरोबर यल्लाप्पा आला होता. तो तिथल्या बूटघरातला कारागीर, स्वतःही जुना रोगी. त्याच्या बोटांची पेरं झडली होती, पण त्याच बोटांत रापी धरून तो चामडं लोण्यासारखं कापायचा. मला तो चांगला ओळखायचा. इस्पितळात आप्पांच्या कॉटशेजारी बसून आम्ही कितीदा चहा प्यालो होतो. पण सकाळपासून तो गेटजवळच्या लिंबाखाली बसला होता आणि माझ्याकडे बघूनही न बघितल्यासारखं करत होता. आप्पांनी त्यालाही बजावून ठेवलं असणार.

मी सवयीनं शीटवर अंगठा दाबला. वरचा थर छान दबला, सुईला लागला होता तसाच. मग मी अंगाचा भार टाकून टाचेनं दाबावं तसं मुठीनं दाबलं, आणि मूठ आत एकदम बसली. खाली काहीतरी पोकळ होतं.

विक्रीची शीट कापायची नाही, हा अण्णासाहेबांचा दंडक. मी सुरी घेतली आणि शीट मधोमध कापली.

“अगं ए!” अण्णासाहेब धावत आले.

“हे बघा,” मी म्हणाले.

वरची-खालची कातडी सुरेख होती, बारीक जाळीची. मधला थर मात्र बिघडलेल्या अनारशासारखा झाला होता. हरभऱ्याएवढाली भोकं, एकमेकांत फुटलेली. दुसरी कापली, तिसरी कापली. सगळ्या तशाच.

“तुझ्या फुगवायच्या पुडीत घोळ आहे,” अण्णासाहेब म्हणाले.

“पूड तीच आहे. छोट्या प्रेसवर हाच माल चांगला निघाला.”

“मग वाफ कमी पडली असंल.”

मी वाफेचा काटा पाहून आले. वाफ बरोबर होती. स्पंजात दोन गोष्टींची शर्यत असते. उष्णतेनं पिवळी पूड वायू सोडते आणि गंधकामुळे रबर धरायला, म्हणजे घट्ट व्हायला लागतं. रबर आधी धरलं तर वायूला फुगायला जागा मिळत नाही आणि शीट दगड होते. वायू पुढे गेला तर कच्च्या रबरात बुडबुडे फुटून एकमेकांत मिसळतात. म्हणून प्रेस घट्ट मिटून वायू आत दाबून ठेवायचा आणि रबर पुरेसं धरलं की एकदम उघडायचं, म्हणजे असंख्य बारीक बुडबुडे एकाच वेळी फुलतात. इथे कातडी वेळेवर धरली होती आणि पोटात मात्र वायू आधीच फुटला होता. का फुटला, ते मला उमगत नव्हतं.

“काट्यावर पास आहे ना?” अण्णासाहेबांनी विचारलं. “इस्पितळवाले माल घेताना काटाच लावणार. कापताना दिसलं तरी दुसरा माल आणणार कुठून? कापलेल्या ठेवा, बाकीच्या भरा गाडीत.”

“अण्णासाहेब, चार दिवसांत टाचेखाली खड्डा पडेल. भोकांची धार लागेल.”

“मग बूट बदलतील. चपलेनं लागलं तर आपण नाही टाकत होय?”

“आपल्याला लागलेलं कळतं. त्यांना कळत नाही.”

ते मनात हिशेब करत होते. दुसऱ्या दिवसापासून बॉयलरची तपासणी, कारखाना बंद. वायसरांची मोठी मागणी अडून बसलेली. “प्रेस रिकामा ठेवू नका,” ते चाचांना म्हणाले. “वायसरं लावा.”

चाचांनी वायसरांचा साचा भरला, प्रेस मिटला आणि माझ्याकडे रागानं बघत उभे राहिले. त्यांच्या प्रेसवरचा माल मी सगळ्यांसमोर कापला होता. हे ते इतक्यात विसरणार नव्हते. मीही प्रेसकडेच बघत होते, कारण दुसरीकडे बघवत नव्हतं.

थोडा वेळ गेला. चाचांचा उजवा हात दांड्यावर गेला, दांडा जरासा खाली आला, प्लेट बोटभर उतरली, फुस्स झालं आणि दांडा परत वर. सगळं एका क्षणात. चाचांची नजर तेव्हाही माझ्यावरच होती.

“चाचा, हे आत्ता काय केलंत?”

“काय केलं?”

“प्रेसला श्वास दिलात.”

“वायसराला द्यायलाच लागतोय. न्हायतर आत हवा अडकती, माल फुटतोय. एवढं बी शिकवलं न्हाई व्हय तुला?”

“स्पंजालाही दिलात का?”

त्यांचा चेहरा तांबडा झाला. “तू सांगितलंस न्हवं, घंटा होईस्तवर उघडायचं न्हाई म्हणून? न्हाई उघडला. अल्लाची शपथ.”

ते खोटं बोलत नव्हते, ते मला दिसत होतं. त्यांच्या हातानं काय केलं, ते त्यांना ठाऊकच नव्हतं. कातडी धरलेली, पोट कच्चं, अशा नेमक्या वेळी प्रेस क्षणभर सैल झाला की वायूला वाट मिळणार, मोठे बुडबुडे होणार, आणि शेवटी प्रेस उघडला की तेच आणखी फुगणार. मी हे सांगितलं. जितकं शांतपणे सांगता आलं तितकं सांगितलं.

“ह्या पोरीच्या बापाच्या वयाचा हाय मी,” चाचा अण्णासाहेबांना म्हणाले. “माझा हात चुकतोय म्हणती.”

“सुमती, पुरे झालं,” अण्णासाहेब म्हणाले. “गाडी भरा.”

“एका घाण्याचा माल शिल्लक आहे. एकदाच परत लावू द्या.”

“आणि वायसरं कुणी काढायची? बॉयलर उद्या थंड. इस्पितळवाले चार दिवसांनी काय म्हणतील ते म्हणतील. तुला एवढा पुळका कशाला?”

गड्यानं पहिल्या दोन शीटा उचलल्या. दारात यल्लाप्पा उभा होता, आत यायचं नाही हे माहीत असल्यासारखा उंबऱ्याबाहेर. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि हळूच मान हलवली. नको, असं तो म्हणत होता. आप्पांचा शब्द मोडायचा की पाय, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

“त्या शीटांचा पहिला बूट माझ्या वडिलांचा आहे,” मी म्हणाले.

गडी शीटा हातात धरून थांबला. वायसरांच्या कडा कातरणारी हिराबाई, जिच्या डब्यातली चटणी मी रोज खायची, तिनं पदर सावरला आणि जरा मागे सरकली.

“तुझे वडील गावाकडे असतात ना?” अण्णासाहेबांनी विचारलं.

“इस्पितळात असतात.”

त्यांची नजर माझ्या तोंडावरून खाली माझ्या बोटांवर गेली. ती नजर मला नवी नव्हती. एस.टी.त, दुकानात, देवळाच्या पायरीवर आप्पांच्या हातांवर पडताना मी ती कितीदा पाहिली होती. माझ्यावर ती पहिल्यांदाच पडली. मला इतका राग आला की रडूही आलं नाही. अण्णासाहेबांनी टेबलावर टेकलेला हात उचलून खिशात घातला.

मग घंटा झाली, चाचांनी प्रेस उघडला, वायसरं काढली. हातमोजे काढून ठेवले. खांद्यावरचा टॉवेल ओढला आणि ते सरळ माझ्यासमोर येऊन उभे राहिले. उजवं मनगट माझ्यापुढे केलं.

“बांध,” ते म्हणाले.

“काय?”

“हात बांध माझा, त्या खांबाला. मी दिला नसंल श्वास, तर हात काय ओढणार न्हाई. दिला असंल तर समजंल. तुझ्या हातानंच बांध. घट्ट.”

अण्णासाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहायचं टाळलं. “एकच घाणा,” ते म्हणाले. “मग वायसरं.”

मी उरलेला माल तोलला, साच्यात कोपऱ्या-कोपऱ्यापर्यंत बसवला. चाचांनी प्रेस मिटला. मी टॉवेलनं त्यांचं मनगट लोखंडी खांबाला बांधलं. त्यांचं मनगट गरम होतं. घंटेचं घड्याळ टेबलावर टिकटिकत होतं.

“पोरी, बाप काय काम करायचा तुझा?” चाचांनी विचारलं.

“माळी होते. सरकारी बागेत.”

“हं.”

रबर तापल्याचा वास सुटला. त्याच वासाबरोबर चाचांचा हात हलला. टॉवेलला असा हिसका बसला की खांब घणघणला. चाचांनी वळून स्वतःच्या हाताकडे बघितलं. हात पुन्हा ओढला गेला. दुसऱ्याच कुणाचा हात बघावा तसे ते त्याच्याकडे बघत राहिले.

“या अल्ला,” ते पुटपुटले.

अण्णासाहेबांनीही ते पाहिलं. गड्याला त्यांनी खूण केली आणि गड्यानं हातातल्या शीटा खाली ठेवल्या.

घंटा झाली. मी गाठ सोडायला धावले. गाठ सुटेना. चाचांच्या हिसक्यांनी ती दगडासारखी आवळली होती. मी नखं घातली, दात लावले.

“डाव्या हातानं ओढा, चाचा.”

“पोचत न्हाई दांडा. सोड लवकर.”

आता एकेका क्षणाला शीट कडक होत होती. कापायची सुरी टेबलावरच्या कातरणांत कुठं गडप झाली होती. ती शोधू की गाठ सोडू, मला कळेना. गड्यानं दांड्याला हात घातला तसे चाचा ओरडले, “शिवू नको, हळू ओढलास तर फाटंल.”

तेवढ्यात कुणीतरी मला बाजूला सारलं. यल्लाप्पा होता. उंबरा ओलांडून तो आत कधी आला, कुणालाच कळलं नाही. त्यानं कमरेची रापी काढली, पेरं नसलेल्या बोटांनी चाचांचं मनगट धरलं आणि एका फटक्यात टॉवेल कापला. चाचांच्या कातडीला रापी लागलीसुद्धा नाही.

चाचांनी दांडा ओढला. शीट उसळून बाहेर आली.

ती गार होईपर्यंतचा वेळ मला फार जड गेला. हिराबाई कोपऱ्यात, अण्णासाहेब दारात, चाचा खांबाला टेकून मनगट चोळत. बाहेर गाडीचा चालक हॉर्न वाजवत होता. शेवटी मी सुरी शोधून काढली आणि ती चाचांपुढे धरली. “तुम्ही कापा.”

त्यांनी कापली. आधी त्यांनीच आत पाहिलं, मग मला दाखवली. या कडेपासून त्या कडेपर्यंत एकसारखी बारीक जाळी, कुठंही भोक नाही. मी मुठीनं दाबलं. शीट हळूहळू दबली आणि हात काढताच पूर्ववत झाली. काटा लावला. आकडा किंचित वर होता, पण चालण्याजोगा. मी तिथंच पोत्यांवर बसले.

“किती जणांचे व्हतील?” चाचांनी यल्लाप्पाला विचारलं.

“सोमवारी ज्यांना लागणार, त्यांचं होतंय,” यल्लाप्पा म्हणाला. “बाकीचं मागनं बगू.”

आधीच्या सगळ्या शीटांचे चाचांनी स्वतः कापून तुकडे केले. अण्णासाहेबांनी त्यांना अडवलं नाही. मात्र त्या दिवसापासून, मी तिथं होते तोवर, त्यांनी माझ्या हातातून कधी नमुना घेतला नाही. “ठेव टेबलावर,” म्हणायचे. हिराबाई काही दिवस डबा घेऊन दुसरीकडे बसली. मग परत आली, कारण भांडायला माझ्याइतकं सोयीचं कुणी तिला मिळेना. चाचा स्पंज लावला की मला हाक मारायचे आणि मनगट पुढे करायचे. हात सुधारल्यावरसुद्धा कितीतरी दिवस.

सोमवारी मी इस्पितळात गेले तेव्हा आप्पांचं प्लास्टर निघालं होतं. पाय वाळलेला आणि पांढुरका दिसत होता. टाच मात्र भरली होती. नवे बूट कॉटखाली होते.

“यल्लाप्पानं सांगितलं मला,” आप्पा म्हणाले. “काय बजावलं होतं तुला?”

“कुणाला सांगायचं नाही म्हणून.”

“मग?”

“मग काय. सांगितलं.”

ते माझ्यावर चिडले होते आणि चिडता येत नव्हतं, असं त्यांचं झालं होतं. मान खाली घालून त्यांनी बूट घातले, कॉटला धरून उभे राहिले, चार पावलं टाकली.

“कसे आहेत?” मी विचारलं.

“चांगले हायेत की. मऊ हायेत.”

चिंचोक्याच्या दिवशीही त्यांनी बुटाला चांगलाच म्हटलं असतं. ते मला माहीत होतं आणि त्यांनाही. ते तसेच थोडा वेळ उभे राहिले. मग कॉटवर बसले, बूट काढले, आणि दोन्ही उचलून माझ्या पायांपुढे ठेवले.

“तू घाल,” ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघत राहिले.

“घाल गं. आणि मला सांग.”

मी चपला काढल्या आणि त्यांच्या बुटांत पाय घातले. ते मला फार मोठे होते. वॉर्डच्या टोकापर्यंत मी फटक फटक चालत गेले आणि वळून परत आले. कॉटांवरची माणसं उठून बघत होती. आप्पा माझ्या पायांवरची नजर काढत नव्हते.

“कुठं टोचतंय?”

“नाही.”

“टाचेखाली? नीट भार देऊन बघ.”

मी उजव्या टाचेवर सगळा भार दिला. खालचं रबर हळूहळू दबलं आणि त्यानं मला धरून ठेवलं.

“नाही, आप्पा. कुठंच नाही.”

“मग बरं,” ते म्हणाले आणि त्यांनी आपले दोन्ही पाय माझ्यापुढे केले. “घाल मला.”